मल्लाचा उत्तरार्ध

मल्लाच्या आयुष्याचे दोन भाग असतात. पहिला भाग सर्वांच्या दृष्टीसमोर घडतो. त्यांत हलगीचा कडकडाट असतो, डोक्यावर फेटा असतो, खांद्यांवरून निघालेली मिरवणूक असते आणि वर्तमानपत्रांत छापून आलेलें नांव असतें. हा भाग फार तर दहा-बारा वर्षांचा. तिशीच्या पुढें गुडघे कुरकुरूं लागतात, मानेचें जुनें दुखणें डोकें वर काढतें, आणि काल ज्या पोराला सहज अस्मान दाखविलें तोच आज वर चढून बसतो. त्यानंतर उरलेलें आयुष्य हा दुसरा भाग. तो तीस-चाळीस वर्षांचा असतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. या काळांत पुष्कळ नामवंत मल्ल विस्मृतींत जातात. कांहीं शेतीकडे वळतात, कांहीं नोकरींत स्थिरावतात, आणि अगदीं थोडे आपली विद्या दुसऱ्याच्या अंगांत उतरविण्याच्या कामास लागतात. या थोड्यांना कुस्तीच्या जगांत वस्ताद म्हणतात. लातूर जिल्ह्यांतील रामलिंग मुदगड या खेड्यांतून निघालेले हरिश्चंद्र बिराजदार हे अशा वस्तादांपैकीं एक होत. मल्ल म्हणून त्यांनीं जें मिळविलें तें मोठेंच होतें; परंतु वस्ताद म्हणून त्यांनीं जें मागें ठेवलें तें त्यांच्या पश्चातहि वाढत राहिलें. त्यांच्या चरित्राचा विचार करण्याजोगा भाग तो हाच.

रामलिंग मुदगड हें गांव निलंगा तालुक्यांत आहे. बिराजदारांचा जन्म १९५० सालचा. त्या वेळीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतून तो १९८२ सालीं वेगळा झाला. मराठवाड्यावरील निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपली होती. म्हणजे बिराजदार जन्मले तो प्रदेश नुकताच मोकळा श्वास घेऊं लागला होता, आणि शाळा, रस्ते, दवाखाने यांच्याच बाबतींत तो मागें असल्यामुळें व्यायामशाळांची गोष्ट दूरच होती. कोल्हापुरास मल्लविद्येला राजाश्रय लाभला होता. शाहू महाराजांनीं देशोदेशींचे मल्ल तेथें आणून पोसले, आणि १९१२ सालीं खासबागेचें विस्तीर्ण मैदान उभें राहिलें. त्या तोडीचा आश्रय मराठवाड्याच्या वांट्यास आला नाहीं. तेथें कुस्ती जगली ती राजवाड्याच्या बळावर नव्हे, तर जत्रेच्या बळावर.

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यांत माळेगांव येथें खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवें यांच्या बाजारासाठीं ती दूरवर प्रसिद्ध आहे. आणि त्या यात्रेंत कुस्त्यांची दंगल ही ठरलेलीच. लातुरास सिद्धेश्वराच्या यात्रेंतहि कुस्त्या होतात. लहानमोठ्या गांवांतील उरुसांचा आणि जत्रांचा शेवटचा दिवस बहुधा कुस्त्यांचाच असतो. प्रारंभीं लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर अथवा नारळावर लावतात. पुढें जोड वाढत जाते, इनाम वाढत जातें, आणि दिवस कलतां कलतां मानाची शेवटची कुस्ती होते. या पद्धतीचा एक गुण असा, कीं गांवांतील कोणताहि मुलगा, पुस्तकी परीक्षेवांचून आणि कोणाच्या चिठ्ठीवांचून, भर मैदानांत आपलें बळ अजमावूं शकतो. दोष असा, कीं जत्रा मल्ल निवडून देते, घडवून देत नाहीं. दोन-चार जत्रा मारलेल्या मुलाला पुढें कोठें जावें हें सांगणारें गांवांत बहुधा कोणी नसतें. ज्याला पुढें जावयाचें असेल त्याला गांव सोडावें लागतें. मराठवाड्यांतील मल्लाची खरी पहिली कुस्ती ही घर सोडण्याशींच असते.

बिराजदारांनींहि घर सोडलें आणि ते कोल्हापूरच्या तालमींत आले. तालीम म्हणजे केवळ व्यायामाची जागा अशी शहरी समजूत असते. ती अपुरी आहे. तालीम हें एक घर आहे, आणि त्या घराला कडक शिस्त असते. पहांट होण्यापूर्वीं उठावें, हौदांतील माती खणून मोकळी करावी, शेंकड्यांनीं जोर आणि बैठका काढाव्यात, मग आपापल्या जोडीशीं लढत करावी, अंगाला मालीश करावें, थंडाई घोटावी, स्वतःच्या हातानें स्वयंपाक करावा, दुपारीं झोंप घ्यावी आणि सायंकाळीं पुन्हां मातींत उतरावें. हौदांतील ती तांबडी माती साधी नसते. तींत तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर इत्यादि पदार्थ मिसळून ती मऊ आणि जखमेला न बाधणारी केलेली असते. नव्या मुलानें प्रथम ही माती खणावयास शिकावें, मग डाव शिकावेत, असा परिपाठ आहे. त्यांत अर्थ असा, कीं फावड्यानें खणतांना कंबर आणि खांदे तयार होतात, आणि आपण या घरांत सर्वांत धाकटे आहों हेंहि मुलाच्या ध्यानांत राहतें.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेनें महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ सालीं सुरू केली, आणि तिचें पहिलें अधिवेशन मराठवाड्यांत, औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत झालें. त्यानंतर आठ वर्षांनीं, १९६९ सालीं, हा किताब बिराजदारांनीं जिंकला. त्या वेळीं त्यांचें वय विशीच्या आंतलें होतें. ज्या प्रदेशाला आपले मल्ल सदैव दुसऱ्याच्या मैदानांत पाठवावे लागत होते, त्या प्रदेशाच्या एका मुलानें राज्यांतील सर्वश्रेष्ठ मल्लाचें नांव धारण केलें, ही गोष्ट लहान नव्हती.

पुढल्याच वर्षीं, १९७० सालीं, स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. भारताला तेथें पांच सुवर्णपदकें मिळालीं आणि तीं पांचहि कुस्तीचीं होतीं. त्यांपैकीं एक बिराजदारांचें होतें. सांगली जिल्ह्यांतील कवठेपिरानचे मारुती माने हेहि त्या पथकांत होते आणि त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. जत्रेच्या मातींत वाढलेला निलंगा तालुक्यांतील मुलगा विसाव्या वर्षीं परक्या देशांतील गादीवर उतरतो आणि सोनें घेऊन परततो, यांत त्याच्या अंगच्या बळाइतकाच त्याच्या ग्रहणशक्तीचाहि वांटा मानला पाहिजे. मातीची आणि गादीची कुस्ती या नांवानें एक असल्या तरी स्वभावानें अगदीं भिन्न आहेत. या भेदाचा विचार पुढें ओघानें येईलच.

यानंतर रुस्तुम-ए-हिंद आणि हिंदकेसरी हे मानहि बिराजदारांकडे आले. तथापि, जुन्या शौकिनांच्या बोलण्यांत जी कुस्ती वारंवार येते ती बेळगांवची. सत्तरांच्या दशकांत दिल्लीचे सतपाल हे उत्तरेंतील सर्वांत दरारा असलेले मल्ल होते. ते गुरु हनुमान यांच्या आखाड्याचे पट्टशिष्य. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें, यावरून त्यांची योग्यता ध्यानांत यावी. महाराष्ट्रांत येऊन त्यांनीं येथील भल्याभल्यांना पाठ टेकावयास लाविली होती. अशा सतपालांना बेळगांवच्या मैदानांत बिराजदारांनीं हरविलें. दक्षिणेंतील लोकांना ती कुस्ती केवळ दोन मल्लांची वाटली नाहीं; आपल्या मातीची अब्रू राखली गेली, अशी त्यांची भावना झाली. या दोन प्रतिस्पर्ध्यांचीं नांवें पुन्हां एकदां एकाच दिवशीं एकत्र यावयाचीं होतीं. पण त्याला बराच अवधि होता.

मैदान सुटल्यावर मल्लानें काय करावें, हा प्रश्न केवळ आपल्याकडेच पडतो असें नाहीं. ज्या स्कॉटलंडांत बिराजदारांनीं पदक मिळविलें, त्याच देशांत त्या वेळीं ॲलेक्स फर्ग्युसन नांवाचा एक फुटबॉलपटू फॉल्कर्क नांवाच्या संघाकडून खेळत होता. ग्लासगोच्या गोदीकामगारांच्या वस्तींत वाढलेला हा खेळाडू गुणी होता, परंतु पहिल्या प्रतीच्या कीर्तीचा नव्हता. १९७४ सालीं त्याचें खेळणें संपलें आणि वयाच्या ३२ व्या वर्षीं ईस्ट स्टर्लिंगशायर या खालच्या विभागांतील लहानशा संघाचा तो व्यवस्थापक झाला. तें काम पूर्ण वेळाचें नव्हतें. वेतन आठवड्यास ४० पौंड, आणि संघाकडे त्या वेळीं एकहि गोलरक्षक नव्हता. तेथून तो सेंट मिरेन संघांत गेला. त्या संघाला त्यानें वरच्या विभागांत नेलें, परंतु १९७८ सालीं त्याच संघानें त्याला कामावरून काढलें. मग ॲबरडीन, आणि १९८३ सालीं त्या संघानें रेआल माद्रिद या मातब्बर स्पॅनिश संघाला हरवून युरोपांतील एक मोठा चषक जिंकला. १९८६ पासून २०१३ पर्यंत मँचेस्टर युनायटेड या संघाचा कारभार त्याच्या हातीं होता, आणि त्या अवधींत संघानें १३ वेळां इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविलें. खेळाडू म्हणून ज्याला जग विसरलें असतें तो मनुष्य शिकविणारा म्हणून जगाला ठाऊक झाला.

हें उदाहरण येथें घेण्याचें कारण दोन व्यवस्थांतील अंतर स्पष्ट व्हावें, हें आहे. स्कॉटलंडांतील अगदीं तळाच्या संघाचा व्यवस्थापक झाला तरी त्याच्याशीं करार होतो, त्याला वेतन मिळतें, दर शनिवारीं सामन्याचा निकाल लागतो आणि त्या निकालावर त्याची नोकरी टिकते अथवा जाते. त्याला शिडी आहे. तो तळच्या पायरीवर उभा असला तरी वरची पायरी त्याला दिसत असते. वस्तादाला अशी शिडी नसते. त्याच्याशीं कोणी करार करीत नाहीं आणि त्याला कोणी काढूनहि टाकीत नाहीं. त्याचें मोल ठरतें तें गांवोगांवच्या आईबापांच्या विश्वासावर. बारा-चौदा वर्षांचा मुलगा, एक पत्र्याची पेटी आणि धान्याचें पोतें घेऊन बाप तालमीच्या दारांत येतो आणि म्हणतो, “याला तुमच्या ओटींत घातला.” हाच वस्तादाचा करार. त्यांत वेतनाचा आंकडा नसतो, मुदत नसते. जबाबदारी मात्र बापाएवढी असते.

बिराजदारांनीं ही जबाबदारी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत पत्करली. तेथें त्यांना सर्वजण मामा म्हणत. हें संबोधन वरवर पाहतां साधें आहे. पण मराठी घरांत मामाचें जें स्थान असतें तें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचा अर्थ कळतो. बापाचा धाक आणि आईचा जिव्हाळा हीं दोन्ही ज्याच्या ठिकाणीं एकत्र असूं शकतात तो मामा. आपलें गांव दीड-दोनशें कोस मागें टाकून आलेल्या मराठवाड्यांतील पोरांना पुण्यासारख्या शहरांत अशा एका मनुष्याची गरज होती.

वस्तादाचें काम म्हणजे डाव शिकविणें, एवढेंच समजणें चुकीचें ठरेल. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, एकेरी पट, दुहेरी पट हे डाव नांवानें सर्वांनाच ठाऊक असतात, आणि थोडीबहुत समज असलेला कोणताहि जुना मल्ल ते दाखवूं शकतो. वस्तादाची परीक्षा होते ती कोणत्या मुलाला कोणता डाव शिकवूं नये हें ओळखण्यांत. ज्याचे हात लांब त्याची पकड निराळी. ज्याची मान आखूड आणि कंबर बळकट त्याचा मार्ग निराळा. कोणाला अधिक खुराक द्यावा, कोणाचें वजन वाढूं देऊं नये, कोणाची जोड केव्हां कोणाशीं लावावी, हें सारें त्यालाच ठरवावें लागतें. मोठ्या इनामाच्या लोभानें कच्च्या मुलाला भारी जोडींत घातलें तर एका पराभवानें त्याचें मन मोडतें, अथवा एका दुखापतीनें त्याचा हात कायमचा जातो. उलट, सोप्या कुस्त्या मारून मारून जो फुगला त्याला वेळींच कोणीतरी पाडावें लागतें. हा सर्व हिशेब कोठें लिहिलेला नसतो. तो वस्तादाच्या डोक्यांत असतो, आणि वस्ताद गेला कीं त्याच्याबरोबरच जातो. त्यानें तो कोणाच्या स्वाधीन केला असेल तरच उरतो.

बिराजदारांच्या पिढींतील वस्तादांपुढें आणखी एक अडचण उभी राहिली. ती माती आणि गादी यांची. परंपरेनें चालत आलेल्या मातीवरील कुस्तींत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला लागून तो चीत झाला म्हणजेच निकाल लागे. वेळेचें बंधन कमी; प्रसंगीं कुस्ती तासभर चाले. लांगेला हात घालून ओढणें तेथें मान्य. दमसास आणि चिकाटी हीं तेथील शस्त्रें. गादीवरील कुस्तींत सारें उलट. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मिळून सहा मिनिटें. प्रतिस्पर्ध्याला खालीं घेऊन ताबा मिळविला कीं दोन गुण, मर्यादेबाहेर ढकललें कीं एक, उभ्यानें फेंकून धोक्याच्या स्थितींत नेलें तर चार अथवा पांच. फ्रीस्टाईल प्रकारांत दहा गुणांचें अंतर पडलें कीं कुस्ती तेथेंच संपते, मग खांदे टेकोत वा न टेकोत. अंगावरचा पोशाख धरण्यास मनाई. मातींत एका मोठ्या डावाची वाट पाहत राहणारा मल्ल गादीवर पहिल्या दोन मिनिटांतच गुणांनीं मागें पडतो.

महाराष्ट्राच्या कुस्तीचें दुखणें हें या भेदांत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतांतील एका व्यक्तीनें मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यानंतर महाराष्ट्रांतील एकाहि मल्लाला ऑलिंपिकचें पदक मिळालेलें नाहीं. गांवोगांवचीं मैदानें, तेथील इनामें आणि तेथील टाळ्या या मातीच्या कुस्तीलाच मिळत राहिल्या, आणि जगाची कुस्ती मात्र गादीवर गेली. ज्या जत्रांनीं मल्लविद्या जगविली त्याच जत्रांनीं तिचे पाय मातींत रोवून ठेवले, असें म्हणावें लागतें. बिराजदार स्वतः विसाव्या वर्षीं गादीवर जिंकून आलेले असल्यानें या दोन्ही गोष्टींचें मोल ते जाणून होते. मातीनें बळ द्यावें आणि गादीनें गति द्यावी, असा मेळ घालणारे शिष्य त्यांच्या हाताखालून निघाले, हें त्याचें गमक.

त्या शिष्यांपैकीं दोघांचीं नांवें सांगितलीं म्हणजे पुरे. पहिले काका पवार. हेहि लातूर जिल्ह्याचे. आंतरराष्ट्रीय मैदानांत त्यांनीं वारंवार पदकें मिळविलीं आणि अर्जुन पुरस्कारहि मिळविला. खेळणें संपल्यावर त्यांनीं गुरूचाच मार्ग धरला आणि पुण्याजवळ कात्रज भागांत स्वतःचें कुस्ती संकुल उभें केलें. दुसरे राहुल आवारे. हे बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे. बालवयांतच ते बिराजदारांच्या तालमींत दाखल झाले. जत्रेच्या मातींतून आलेल्या या मुलाला बिराजदारांनीं गादीवरील चपळ कुस्तीसाठीं घडविलें.

२००६ सालीं भारत सरकारनें बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार दिला. खेळाडू म्हणून आणि खेळ सोडल्यानंतरहि ज्यांनीं आयुष्यभर खेळाची सेवा केली त्यांच्यासाठीं हा पुरस्कार होता, म्हणजे मल्लाच्या दोन्ही अर्धांचा त्यांत गौरव होता. सप्टेंबर २०११ मध्यें पुण्यांत त्यांचें निधन झालें. त्या वेळीं राहुल आवारे विशींतच होते आणि त्यांचें मोठें यश अजून दूर होतें. वस्ताद गेल्यावर शिष्य पोरका होतो आणि पुष्कळदां तेथेंच थांबतो. आवारे थांबले नाहींत, कारण त्यांना सांभाळून घेणारा मनुष्य त्याच गुरूच्या हाताखालीं तयार झालेला होता. काका पवारांनीं त्यांची पुढील तयारी करून घेतली. वस्तादानें आपला हिशेब कोणाच्या तरी स्वाधीन केला होता, असें जें वर म्हटलें, त्याचा प्रत्यय येथें आला.

१२ एप्रिल २०१८ रोजीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल स्पर्धांत ५७ किलो वजनी गटाची अंतिम कुस्ती झाली. तींत आवारे यांनीं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी याला १५ विरुद्ध ७ गुणांनीं हरविलें आणि सुवर्णपदक मिळविलें. गुरूच्या एडिंबरोंतील पदकाला त्या वेळीं ४८ वर्षें होत आलीं होतीं. आपलें पदक आवारे यांनीं दिवंगत बिराजदारांना अर्पण केलें. त्याच दिवशीं, त्याच ठिकाणीं, ७४ किलो गटाचें सुवर्णपदक सुशील कुमार यांनीं मिळविलें. आणि सुशील कुमार हे दिल्लीच्या सतपालांचे शिष्य. बेळगांवच्या मैदानांत एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या दोन मल्लांचे शिष्य एकाच दिवशीं एकाच देशासाठीं जिंकले. बेळगांवची कुस्ती पाहिलेल्या कोणा वृद्धाला त्या दिवशीं काय वाटलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढल्या वर्षीं कझाकस्तानांत जागतिक स्पर्धांत आवारे यांनीं ६१ किलो गटांत कांस्यपदकहि मिळविलें.

मात्र येथें एक कटु हिशेबहि मांडला पाहिजे. सतपालांनीं दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमांत मुलें घडविलीं. तेथें सरकारी जागा होती, गाद्या होत्या, वसतिगृह होतें. सुशील कुमार यांचीं २००८ आणि २०१२ सालचीं ऑलिंपिक पदकें, योगेश्वर दत्त यांचें २०१२ सालचें, रवि दहिया यांचें टोकियोचें आणि अमन सेहरावत यांचें २०२४ सालचें पॅरिसचें, हीं सारीं त्याच छत्राखालून आलीं. बेळगांवांत जिंकलेल्या वस्तादाकडे मात्र शहराच्या गर्दींतील एक जुनी तालीम होती. शिष्यांच्या पदकांत दिसणारें अंतर हें दोन वस्तादांच्या योग्यतेंतील अंतर आहे, असें कोणी समजूं नये. त्यांच्या हातीं दिलेल्या साधनांचें तें अंतर आहे.

साधनांचा प्रश्न घरापासून सुरू होतो. वाढत्या वयाच्या मल्लाला रोज दूध, तूप, बदाम, फळें आणि मांसाहारी असल्यास मांस-अंडीं लागतात. पुण्याच्या तालमींत राहणाऱ्या मुलाचा हा खर्च बहुतेक वेळां लातूर, नांदेड, बीड यांकडील कोरडवाहू शेतीवर पडतो. ज्या लातूर शहराला २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, त्या भागांतील शेतकऱ्यानें दावणीची म्हैस राखावी कीं विकावी, या एका निर्णयावर एकाद्या मुलाची कुस्ती पुढें चालते अथवा थांबते. सोयाबीन गेलें कीं तूर, आणि तूर गेली कीं जनावर. आणि जनावर गेलें कीं पोरगा तालमींतून परत, असा हा क्रम आहे. यशस्वी मल्लाला पुढें सरकारी नोकरी मिळूं शकते. राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाले. परंतु ती नोकरी पदक मिळाल्यानंतरची. पदकापूर्वींचीं दहा वर्षें बाप आणि वस्ताद या दोघांनींच ओढून न्यावयाचीं असतात.

असें असूनहि ती परंपरा तुटलेली नाहीं. महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत आतां माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्ही विभागांचे विजेते शेवटीं किताबासाठीं एकमेकांशीं लढतात. ७ जानेवारी २०२० रोजीं पुण्यांत बालेवाडी येथें ही अंतिम कुस्ती झाली. मातीचे विजेते होते लातूरचे शैलेश शेळके, आणि गादीचे होते नाशिककडून उतरलेले हर्षवर्धन सदगीर. हे दोघेहि काका पवारांच्या एकाच संकुलांत शिकलेले. रोज एकमेकांशीं सराव करणारे, एकमेकांचा प्रत्येक डाव ओळखणारे असे हे दोन गुरुबंधु राज्याच्या सर्वोच्च किताबासाठीं समोरासमोर उभे राहिले. त्यामुळें कुस्ती सावधपणानें झाली आणि सदगीर यांनीं ती ३ विरुद्ध २ अशा गुणांनीं जिंकली.

मातीच्या आणि गादीच्या विजेत्यांत एका गुणाचें अंतर. आणि दोघांचा गुरु एकच, ज्याचा गुरु रामलिंग मुदगडचा. गदा कोणाच्याहि खांद्यावर गेली असती तरी ती त्या घरांतून बाहेर जाणार नव्हती. निकाल लागल्यावर सदगीर यांनीं प्रथम एक गोष्ट केली. हरलेल्या शेळके यांना त्यांनीं स्वतःच्या खांद्यावर उचलून घेतलें आणि तसेंच मैदानांत फिरविलें. खांद्यावर बसण्याचा मान जिंकणाऱ्याचा असतो, हा जत्रेचा नियम सर्वांना ठाऊक आहे. तो नियम त्या दिवशीं उलटा झाला, आणि बालेवाडीच्या प्रेक्षकांनीं दोघांसाठींहि टाळ्या वाजविल्या.